ठाणे-नवी मुंबईत बर्गर: आधी घरी करा, मग बाहेरचे पारखा

ठाण्यात कुठला बर्गर चांगला असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, घरी कधी केलायत का? कारण नुसतं नाव सांगून उपयोग नसतो, आज चांगलं असलेलं ठिकाण कूक बदलला की सहा महिन्यांत बिघडतं आणि मग तुम्ही मलाच बोल लावणार. त्यापेक्षा एकदा स्वतः तव्यावर पॅटी टाकलीत की बन नीट भाजलेला म्हणजे काय, पॅटी रसरशीत म्हणजे काय, हे जिभेला कळतं आणि मग कुठल्याही दुकानात पहिल्या दोन घासांत निकाल लागतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, आधी घर आणि मग बाहेर. दोन्हीकडे नियम एकच, साधा बर्गर. एक बन, एक पॅटी (किंवा तेवढ्याच मांसाच्या दोन पातळ), एक चीज स्लाइस, थोडा सॉस, कांदा, लोणच्याची काकडी, बास. ज्या किचनला हा जमत नाही त्यांचा तीन मजली बर्गरही जमलेला नसतो, वरून सॉस ओतून झाकलेला असतो एवढंच.

१. पॅटी कशाची ते आधी ठरवा

यूट्यूबवरच्या बऱ्याच रेसिपी अमेरिकन असतात आणि त्यात बीफचं ८०-२० असं माप असतं, म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या मेनूवर ‘बफ’ दिसलं तर ते म्हशीचं किंवा रेड्याचं असतं हे लक्षात ठेवा. घरी करणाऱ्यांपैकी बहुतेक जण चिकन नाहीतर मटणच वापरतात आणि कितीतरी घरांत बटाटा. पण मांस कुठलंही घ्या, माप विसरायचं नाही, पाचवा हिस्सा चरबी पाहिजेच. चरबी नसली की पॅटी कोरडी होणार, मग तुम्ही कितीही मेयोनीज घाला.

चिकनच्या बाबतीत सगळ्यात मोठा ट्रॅप म्हणजे ब्रेस्टचा खिमा. दुकानदार सहसा तोच देतो कारण तो पांढरा, स्वच्छ दिसतो. तुम्ही स्पष्ट सांगा, ‘लेगचं बोनलेस द्या, थोडी कातडी राहू द्या आणि एकदाच जाड काढा.’ दोनदा-तीनदा बारीक काढलेला खिमा कबाबाला छान पण बर्गरमध्ये तो पेस्टसारखा लागतो. मटण असेल तर ४०० ग्रॅम मांस आणि १०० ग्रॅम चरबी एकत्रच मशीनमधून काढून घ्या. कातडी नको असेल तर अर्ध्या किलो चिकन खिम्यात दोन चमचे फ्रीजमधलं घट्ट बटर किसून घाला, तेही चालतं.

२. सामान आणि भांडी

चार बर्गरसाठी: अर्धा किलो खिमा, चार बन, चार चीज स्लाइस, मध्यम कांदे दोन, एक टोमॅटो, आइसबर्ग लेट्युसची काही पानं, गर्किनची बाटली, मेयोनीज, केचप, पिवळा मस्टर्ड सॉस, बटर, मीठ, ताजी मिरपूड.

गर्किन म्हणजे छोट्या काकडीचं व्हिनेगरमधलं लोणचं. ही काकडी कर्नाटकात भरपूर पिकते आणि बहुतेक परदेशात जाते, तरी मोठ्या किराणा दुकानात आणि सुपरमार्केटमध्ये बाटली मिळते. ती टाळू नका, बर्गरमधला आंबटपणा तिथूनच येतो. लेट्युससाठी एपीएमसी गाठायची गरज नाही, तो घाऊक बाजार आहे, एक गड्डा कुठल्याही बऱ्या भाजीवाल्याकडे मिळतो. नाही मिळाला तर कोबीचं कोवळं पान एकदम बारीक चिरून वापरा, मला तरी ते आवडतं.

भांड्यांत मुख्य वस्तू एकच, बिडाचा तवा. आजीच्या वेळचा असेल तर सोनं आहे. नॉनस्टिकवर ही पॅटी करू नका, कारण तवा धूर निघेपर्यंत तापवायचा असतो आणि रिकामा नॉनस्टिक तवा २६० अंशांच्या वर गेला की त्याचा थर खराब व्हायला लागतो. बाकी एक रुंद, धार असलेलं पोलादी उलथनं, बटर पेपर, तव्यावर बसेल असं झाकण आणि जमलं तर पदार्थात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर.

३. पॅटी वळणं

इथे बहुतेकांचा हात चुकतो. आपल्याला सवय असते की खिमा आला की आलं-लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, अंडं, ब्रेडचा चुरा सगळं घालून मळायचं. ते कबाब किंवा कटलेट होतं, चवीला छानही लागतं, पण बर्गर होत नाही. खिम्यात वर सांगितलेली चरबी किंवा बटर सोडून काहीही घालू नका. विशेषतः मीठ आधी घालून मळलंत तर मांसातलं प्रथिन विरघळून चिकट जाळं तयार होतं आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. मीठ बाहेरून लावायचं, तेही तव्यावर टाकताना.

खिमा हलक्या हाताने गोळा करा, लाडू वळतो तसा दाबून नाही. मग दोन रस्ते आहेत. जाड पॅटी हवी तर १२५ ग्रॅमचा एक गोळा, बनपेक्षा बोटभर रुंद थापा कारण शिजताना ती आक्रसते, आणि मध्ये अंगठ्याने खळगा करा म्हणजे ती फुगून चेंडू होणार नाही. पातळ, कुरकुरीत कडांची स्मॅश पॅटी हवी तर ६०-६५ ग्रॅमचे दोन गोळे एका बर्गरला. नवीन असाल तर स्मॅशच करा, लवकर शिजते आणि आतून कच्ची राहायची भीती कमी. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

४. तवा

गॅसचा मोठा बर्नर, तवा पाच मिनिटं कोरडाच तापवा, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, धूर होणारच. तेलाचा नुसता हात फिरवा. स्मॅशचा गोळा टाका, वर बटर पेपर ठेवा आणि उलथन्याने पूर्ण जोर लावून दाबा, दहा सेकंद दाबून धरा. बटर पेपर यासाठी की चिकनचा खिमा उलथन्याला घट्ट चिकटतो. हे दाबणं पहिल्या अर्ध्या मिनिटातच करायचं, तेव्हा चरबी अजून घट्ट असते आणि रस बाहेर येत नाही. एकदा शिजायला लागल्यावर दाबलंत की सगळा रस तव्यावर जातो. स्टॉलवर मुलगा पॅटी उलटल्यावर परत परत दाबतो आणि चर्र आवाज येतो ना, तो आवाज म्हणजे तुमच्या पैशांचा रस जळतोय.

आता मीठ-मिरपूड वरून भुरभुरवा आणि हात लावू नका. कडा जाळीसारख्या पातळ होऊन आधी करड्या, मग तपकिरी होतात, वरच्या बाजूला रसाचे बारीक थेंब दिसायला लागतात. साधारण दीड-दोन मिनिटांनी धारेच्या उलथन्याने खरवडून उलटा, तव्याला चिकटलेला तपकिरी थर पॅटीबरोबर आलाच पाहिजे, सगळी चव त्यातच असते. मांस १४० अंशांच्या वर तापलं की प्रथिनं आणि साखरेची रासायनिक क्रिया होऊन हा रंग आणि वास येतो, पाणी सुटलेल्या थंड तव्यावर तो कधीच येत नाही. म्हणून एका वेळी दोनच पॅट्या, चारही एकदम टाकल्या की तवा थंड पडतो.

उलटल्यावर लगेच चीज स्लाइस ठेवा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाका, झाकण ठेवा, वीस सेकंद. इथे मोझरेला नको, तो तार सोडतो आणि तेल सोडतो. पिझ्झाला ठीक आहे. साधी प्रोसेस्ड चीज स्लाइस गुळगुळीत वितळते कारण त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात.

शिजण्याबद्दल एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. खिमा कधीच अर्धा कच्चा ठेवायचा नाही. अख्ख्या तुकड्यात जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिमा काढला की ते आतपर्यंत मिसळतात. चिकन आतून ७४ अंश, मटण किंवा बफ ७१ अंश. परदेशी व्हिडिओत गुलाबी पॅटी दिसली म्हणून घरी तसं करू नका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतील तर नाहीच नाही.

५. बटाट्याची पॅटी

ही सोपी वाटते पण मला विचाराल तर चिकनपेक्षा अवघड आहे. बटाटे जुने घ्या, नव्या बटाट्यात पाणी जास्त. सालीसकट उकडा, पूर्ण गार होऊ द्या, मग किसा. गरम असताना कुस्करलेत तर ते चिकट होतात आणि तेलात पॅटी फुटते. अर्धा किलो बटाट्याला मूठभर पोहे मिक्सरमधून कोरडे काढून घाला, ते ओलावा ओढून घेतात. वाफवलेले मटार, मीठ, थोडं तिखट, थोडा गरम मसाला. मैदा आणि कॉर्नफ्लोअरच्या पातळ घोळात बुडवा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवा, अर्धा तास फ्रीज, मग तळा. तेल तापलंय का ते ब्रेडचा तुकडा टाकून बघा, लगेच वर आला पाहिजे.

लसूण, मोहरी, हळद, हिरवी मिरचीची फोडणी यात घालू नका. तो बटाटेवडा होतो, आणि बटाटेवडा खायचा तर ठाण्यात त्यासाठी याच्यापेक्षा कितीतरी चांगल्या जागा आहेत, पावात, लसणाच्या चटणीबरोबर. मेयोनीज आणि वड्याचं जमत नाही. जैन हवा असेल तर बटाट्याऐवजी कच्ची केळी उकडून याच पद्धतीने करा, कांदा-लसूण नाही आणि मेयोनीज एगलेस, बाटलीवरचा हिरवा ठिपका बघून घ्या.

६. बन

बेकरीत ‘बन द्या’ म्हटलं की मस्का बन देतात, गोड, कधी टूटीफ्रूटीवाला. ‘बर्गर बन, चार इंची’ असं सांगा आणि आजचाच आहे का विचारा. दाबून बघा, बोट काढल्यावर वर आला पाहिजे. ब्रिओश म्हणजे अंडं आणि बटर घातलेला मऊ बन, छान असतो पण काही ठिकाणी इतका गोड करतात की केक खाल्ल्यासारखं वाटतं. लादी पाव चिकन स्मॅशला चालतो, पण रसदार पॅटीखाली लवकर भिजतो.

कापलेल्या बाजूला बटर लावून तव्यावर भाजायचा, सोनेरी होईपर्यंत. हे टाळायचं नाही, कारण भाजलेला थर सॉस आत शिरू देत नाही. नौपाड्यातल्या एका छोट्या काउंटरवर एक पोरगा मी बघितला, दर वीस सेकंदांनी उलथन्याच्या टोकाने बनाची कड उचलून रंग बघत होता, रांग लागली होती तरी घाई नाही. तिथला बर्गर चांगलाच असणार हे मला खायच्या आधीच कळलं होतं.

७. सॉस आणि थर

चार चमचे मेयोनीज, एक चमचा केचप, अर्धा चमचा मस्टर्ड, दोन गर्किन बारीक चिरून, गर्किनच्या बाटलीतलं पाणी चमचाभर, चिमूटभर लाल तिखट. संपला सॉस.

कांदा पातळ चकत्या करून दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, उग्रपणा जातो. टोमॅटोला मीठ लावून टिश्यूवर ठेवा, लेट्युस धुऊन अगदी कोरडा करा. पाणी हा बर्गरचा शत्रू आहे. थर असे: खालचा बन, सॉस, लेट्युस, पॅटी आणि चीज, कांदा, गर्किन, टोमॅटो, परत थोडा सॉस, वरचा बन. लेट्युस पॅटीच्या खाली यासाठी की पॅटीचा रस बनात उतरत नाही. दोन मिनिटं थांबा आणि खा, फोटो नंतर.

८. आता बाहेर: ठाणे-नवी मुंबईत काय काय आहे

एकाच पट्टीने सगळ्यांना मोजू नका. प्रकार वेगळे आहेत.

मोठ्या चेन. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ ला आलं, सुरुवातीपासून गाय आणि डुक्कर मेनूवर नाही, आणि महाराजा मॅक आधी मटणाचा होता, नंतर चिकनचा झाला. बर्गर किंग २०१४ ला आलं, त्यांची ओळख आचेवर भाजलेली व्हॉपरची पॅटी. जंबोकिंग २००१ ला मालाडमध्ये वडापावपासून सुरू झालं आणि मग बर्गरकडे वळलं. स्टेशनजवळ आणि मॉलमध्ये, म्हणजे ठाण्याला लेक शोअर (पूर्वीचं व्हिव्हियाना), कोरम, नवी मुंबईत वाशीचं इनऑर्बिट, सीवूड्सचं नेक्सस, तुम्हाला चेनच जास्त भेटतील. चेनकडून चव सगळीकडे सारखी मिळते, तेवढीच अपेक्षा ठेवा, आणि शाकाहारी माणसाला बरोबर नेताना चेन सोयीची कारण मॅकडोनाल्ड्समध्ये व्हेजचं काम वेगळं चालतं.

कॅफे. हिरानंदानी इस्टेट, घोडबंदर रोड, वाशी सेक्टर १७, बेलापूर सेक्टर १५ या भागात जास्त. इथे ताजी पॅटी मिळायची शक्यता सगळ्यात जास्त आणि फसायचीही. घोडबंदरच्या एका कॅफेत मला काळ्या बनचा, ट्रफल सॉसचा बर्गर आला, दिसायला झकास, आत पॅटी मधोमध गार. फ्रोझन पॅटी नीट गरमच केली नव्हती.

कॉलेजच्या आसपासचे स्टॉल आणि छोटी दुकानं. राम मारुती रोड, खारघर. तळलेली पॅटी, भरपूर मेयो, वर किसलेलं चीज. भूक भागते, खिशाला परवडतं. बन भाजतात का ते बघा आणि तेलाचा रंग बघा, चहासारखा काळपट दिसला तर पुढे व्हा.

क्लाउड किचन. बसायची जागाच नाही, फक्त ॲपवर. यातली मोठी गंमत, एकाच किचनमधून चार-पाच नावांनी बर्गर विकले जातात. ॲपवर रेस्टॉरंटच्या माहितीत अगदी खाली १४ अंकी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर असतो. दोन वेगळ्या नावांचा नंबर एकच दिसला तर बर्गरही एकाच तव्यावरचा आहे, दोन्हीकडून मागवून तुलना करत बसू नका.

९. तुलना कशी करायची

सगळीकडे एकच मागवा, मेनूतला सगळ्यात साधा चिकन चीज बर्गर, किंवा व्हेज खात असाल तर साधी आलू पॅटी. त्यांचा स्पेशल दुसऱ्या वेळी. शक्यतो आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला जा, रविवारी रात्री आठला चांगलं किचनही घसरतं आणि तो निकाल त्यांच्यावर अन्याय होतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने वाशी-सीवूड्स सहज होतं, पण एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त ठिकाणं नको, तिसऱ्याला जीभ काही सांगत नाही.

ऑर्डर देताना विचारा, ‘पॅटी इथे बनवता का तयार येते? बन कुठल्या बेकरीचा?’ दादा-ताई म्हणून नीट विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. जे अभिमानाने बेकरीचं नाव सांगतात तिथे थांबा.

बर्गर आला की सुरीने मधोमध कापा आणि छेद बघा. पॅटी एकसारखी पांढरी, भोकं नसलेली, दाबली तर स्पंजसारखी उसळणारी असेल तर ती कारखान्यातली, त्यात बहुधा स्टार्च असतो. खिम्याचे दाणे वेगळे दिसत असतील, कडा वेड्यावाकड्या असतील तर हाताची. मग खालचा बन बघा, ओला होऊन फाटला का? चीज वितळलंय का पट्टीसारखं पडलंय? पहिला घास पॅटीचा एकटा घ्या, सॉस न लावता, मीठ आहे का बघा, आणि मगच पूर्ण बर्गर. मोबाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवा, बन, पॅटी, समतोल, किंमत. पाचपैकी मार्क द्या. माझ्याकडे निम्मे मार्क पॅटीला आणि बनला जातात, फ्राइजला शून्य, कारण फ्राइज बहुतेक ठिकाणी फ्रोझनच असतात.

१०. घरी मागवताना

तीन किलोमीटरच्या बाहेरून बर्गर मागवू नका. कासारवडवलीहून नौपाड्याला माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून आलेला बर्गर स्वतःच्याच वाफेत शिजत येतो आणि त्यावरून त्या किचनला नावं ठेवणं बरोबर नाही. सूचनांमध्ये लिहा, सॉस वेगळा, लेट्युस-टोमॅटो वेगळं, जमलं तर डब्याला भोक. स्मॅश बर्गर तर मागवूच नका, त्या कुरकुरीत कडा दहा मिनिटांत मऊ पडतात, तो तिथेच उभं राहून खायचा. जाड तळलेली पॅटी प्रवास बरा सहन करते. आलेला बर्गर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, सुटा करा, पॅटी तव्यावर, बन तव्यावर, परत जुळवा, पाच मिनिटांचं काम आहे आणि फरक भरपूर पडतो.

११. बिल

बसून खाल्लंत तर बिल वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट आहे, तो सक्तीचा नाही, द्यायचा नसेल तर शांतपणे काढायला सांगा आणि ज्या मुलाने चांगलं वाढलं त्याच्या हातात टीप द्या. बिलावरही तो १४ अंकी नंबर असावा लागतो. पॅटी आतून कच्ची निघाली तर पुढे खाऊ नका, कापलेल्या बाजूचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे काउंटरला दाखवा, नवीन करून द्या म्हणा. जुनीच परत तव्यावर टाकून आणली तर घेऊ नका, पैसे परत मागा.